स्वावलंबनाचे हप्ते कोण भरतो?

१ जानेवारी १८७७ या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या दरबारात इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा करण्यात आली. इकडे नागपुरात जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भर घालून जमशेटजी टाटांनी उभारलेली कापडगिरणी सुरू झाली आणि तिला त्याच सम्राज्ञीचे नाव मिळाले, एम्प्रेस मिल. आणि तिकडे पुण्यात कृष्णराव भालेकर नावाच्या सत्यशोधकाने ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. पहिल्या घटनेत साम्राज्य होते, दुसरीत देशी भांडवल होते आणि तिसरीत शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा आवाज होता. देशाच्या स्वावलंबनाचा इतिहास सांगताना आपण पहिल्या दोन घटनांवर ग्रंथ लिहितो. तिसरी बहुधा तळटीपेत जाते.

हे आठवण्याचे कारण असे की, स्वावलंबन हा शब्द पुन्हा एकदा घराघरांत पोचला आहे. कधी तो ‘स्वदेशी’ होऊन येतो, कधी ‘आत्मनिर्भरता’ होऊन. आपल्याकडेच नव्हे, ज्या इंग्रजांनी शंभर वर्षे जगाला खुल्या व्यापाराची शाळा शिकवली, त्यांच्या पार्लमेंटातही आज आपले पोलाद आपणच ओतले पाहिजे अशी भाषणे होतात. या शब्दाशी माझे भांडण नाही. १९९१ च्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून परकीय चलन उभे करावे लागले, तेव्हा मी बँकेत नोकरीला होतो. घरातले सोने गहाण पडले की त्या घराची मान कशी खाली जाते, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. देशाचेही तसेच असते. म्हणून स्वावलंबन हवेच.

पण तीस-पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासल्याने एक खोड जडली आहे. योजना कितीही देखणी असो, अर्जदार कितीही गोड बोलो, आधी शेवटचे पान उलटून पाहायचे : हप्ते कोण भरणार? स्वावलंबनाच्या योजनेलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो विचारायला नागपूरइतके चांगले गाव नाही. कारण गेल्या दीडशे वर्षांत स्वावलंबनाचे जेवढे प्रयोग या देशात झाले, त्यांतले बहुतेक या गावाच्या अंगावरून गेले आहेत.

मँचेस्टरचा कळवळा

जमशेटजींचा हिशेब साधा होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा, तिथून बोटीने इंग्लंडला. आणि लँकेशायरमध्ये त्याचे कापड होऊन तोच कापूस दामदुप्पट किमतीने आपल्या अंगावर परत यायचा. मग गिरणी मुंबईतच का, जिथे कापूस पिकतो तिथेच का नको? १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आलेली होती, दगडी कोळसाही फार दूर नव्हता. १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी उभी राहिली. गावातल्या एका सावकाराने जमिनीत सोने पुरायला आपण पैसे देणार नाही असे सांगून हात झटकले आणि पुढे त्याच सावकाराने, या माणसाने माती घातली आणि सोने काढले अशी कबुली दिली, ही गोष्ट नागपुरात अजून सांगतात. लँकेशायरच्या गिरण्या जुन्या म्यूल चात्यांना चिकटून असताना नागपुरात नव्या रिंग चात्या फिरू लागल्या. गुरूच्या विद्येने गुरूला मागे टाकणे म्हणतात ते हेच.

लँकेशायरला हे मानवणारे नव्हते. तिथल्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली १८८२ साली विलायती कापडावरची जकात काढून टाकण्यात आली. पुढे सरकारी तिजोरीला पैशांची चणचण भासली म्हणून १८९४ मध्ये जकात परत आली. पण ती येताना देशी गिरण्यांच्या मालावरही अबकारी कर बसवून आली. १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के, असा तो ‘न्याय’ होता. घरच्या मालावर परक्या मालाइतकाच कर! हा अबकारी कर जायला १९२६ साल उजाडावे लागले. या एका करातून आपल्या राष्ट्रीय चळवळीने जेवढा दारूगोळा भरून घेतला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशातून घेतला असेल.

मात्र याच गोष्टीला एक दुसरा पदर आहे आणि तो आपण सहसा उलगडत नाही. लँकेशायरला त्याच काळात हिंदी मजुरांचाही कळवळा आला होता. हिंदुस्थानातल्या गिरण्या बायकापोरांना दिवसदिवस राबवतात, म्हणून त्यांचे कापड स्वस्त पडते, सबब तिथेही कारखाना कायदा हवा, अशी ओरड मँचेस्टरने चालवली. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. त्याने काय दिले? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण एवढ्यालाही आपल्या राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, हा मजुरांचा कळवळा नसून बाल्यावस्थेतल्या स्वदेशी धंद्याचा गळा घोटण्याचा डाव आहे.

डाव होता हे खरेच. पण गिरणीत राबणारे सात वर्षांचे पोर, तेही खरेच होते. मँचेस्टरचा हेतू काळा होता म्हणून त्या पोराची पाठ दुखायची थांबत नव्हती. हे नेमके ओळखले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधु’ १८८० पासून मुंबईत त्यांच्या हाती आले होते. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. मँचेस्टरची री नाही की मालकांचीही नाही. लोखंड्यांनी कामगाराचे गाऱ्हाणे कामगाराच्या तोंडून मांडले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून आपण ही पुरवणी वाचता आहात. गिरणी कामगाराच्या घरात ही सकाळ कोणामुळे आली, हे मुलाबाळांना एकदा जरूर सांगावे.

एम्प्रेस मिलच्या बाजूनेही एक नोंद केली पाहिजे. या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची नुकसानभरपाई. खुद्द इंग्लंडात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १८९७ साली आणि आपल्या देशात १९२३ साली. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी नागपूरच्या एका गिरणीने हे केले होते आणि तरीही ती नफ्यात होती. ‘मजुराला जास्त दिले तर धंदा बुडतो’ हे विधान नागपुरात तरी पहिल्याच फेरीत खोटे ठरलेले आहे.

डार्वेनच्या बायका

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, चरखा आणि हातमाग राष्ट्रीय कार्यक्रमात आले. विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. त्या होळीची धग समुद्रापलीकडे कोणाला लागली, हे पाहायला खुद्द गांधीजीच गेले, ही घटना मला आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक वाटते.

गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले होते. सप्टेंबर १९३१ च्या अखेरीस ते लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. त्या टापूतल्या गिरण्या वर्षानुवर्षे हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणत आल्या होत्या आणि आता त्यांचे माग थांबले होते. ज्याच्या बहिष्कारामुळे आपली चूल विझली असे त्यांना सांगण्यात आले होते, तो माणूस पंचा नेसून त्यांच्या दारात उभा राहिला. गिरणीतल्या बायकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. त्यांच्या घोळक्यात अंग चोरून उभे असलेले हसरे गांधीजी, ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. गांधीजींनी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. तुमच्या देशात तीस लाख बेकार आहेत, आमच्या देशात वर्षातले सहा महिने हाताला काम नसलेले याच्या शंभरपट आहेत, असा हिशेब त्यांनी समोर ठेवला. त्या बायकांना तो पटला की नाही कोण जाणे. पण समजला नक्की. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या उपासाचा हिशेब लवकर समजतो.

आता इंग्रज सरकारने काय केले ते पाहा. त्याच महिन्यात इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. नोव्हेंबरात ‘ब्रिटिश माल घ्या’ अशी मोहीम निघाली. १९३२ च्या कायद्याने बहुतेक आयात मालावर दहा टक्के जकात बसली. खुल्या व्यापाराचा झेंडा गुंडाळून ठेवून इंग्लंडही स्वदेशी झाले! पण डार्वेनचे, ब्लॅकबर्नचे माग त्याने पुन्हा सुरू झाले काय? काही झाले, बरेच झाले नाहीत. जकातीमुळे परका माल थांबवता येतो. जुनी यंत्रे नवी होत नाहीत आणि गेलेली गिऱ्हाइके परत येत नाहीत. घोषणेत देश होता, कामगाराचे पुढे काय करायचे याचा कागद मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हता.

तो कागद आपल्याकडे तयार झाला. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार हाती घेतला. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे बोलताना, आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी सांगितले होते. केवळ राज्यकर्त्याचा रंग बदलून कामगार सुटत नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी मांडले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. स्वराज्य यायच्या आधीच स्वराज्यातला कामगार कसा जगेल याची तरतूद त्यांनी सुरू केली होती.

भोंगा थांबला तेव्हा

स्वातंत्र्यानंतर स्वावलंबन हे सरकारचे अधिकृत धोरण झाले. हातमागाला संरक्षण मिळाले. १९७६ पासून जनता कापडाची योजना आली; तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौकातले कोष्टी खड्डामागावर जनता साड्या आणि धोतरे विणू लागले. १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारचे कापड केवळ हातमागासाठी राखून ठेवले. पुढे ही संख्या ११ वर आली. कायदा कागदावर चांगला होता. पण तोच नमुना यंत्रमागावर निम्म्या किमतीत निघत होता आणि तो पकडणारी यंत्रणा तोकडी होती. आणि जनता कापडात मजुरी इतकी बेताची की घरातला बाप विणी, आई कांड्या भरी, पोर सुताची गुंडी उकली, तेव्हा कुठे एका माणसाची रोजी पडे. देशाच्या गरिबांना स्वस्त लुगडे मिळावे म्हणून विणकराने स्वतः गरीब राहायचे, असे ते स्वावलंबन होते. संरक्षण मिळाले ते धंद्याला. धंद्यातल्या माणसाच्या मुलाने दुसरे काय शिकावे याचा विचार त्यात नव्हता. आज त्या वस्त्यांतून हिंडून पाहावे. मागाचा खटखट आवाज ऐकायला कान द्यावा लागतो.

गिरण्यांचे तसेच झाले. मॉडेल मिल १९७४ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. एम्प्रेस मिल टाटांकडून सुटल्यावर १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मालकी सरकारची झाली, पण यंत्रे तीच राहिली. ज्या गिरणीने एकेकाळी रिंग चात्या आणून लँकेशायरला चकित केले, तिच्यात नवी यंत्रे आणायला पैसा नव्हता आणि पगाराला दर महिन्याला मदत लागत होती. २००२ साली ती कायमची बंद झाली. ज्या भोंग्यावर अर्धे नागपूर घड्याळ लावायचे, तो थांबला. त्या जमिनीवर पुढे मॉल उभा राहिला आणि त्यालाही एम्प्रेस हेच नाव दिले गेले. सम्राज्ञी गेली, साम्राज्य गेले, गिरणी गेली. नाव तेवढे टिकले.

त्या सुमारास एका बंद पडलेल्या गिरणीचे कामगार स्वेच्छानिवृत्तीचे धनादेश घेऊन आमच्या शाखेत येत. वीस-पंचवीस वर्षांच्या घामाचे एकरकमी पैसे. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा आकडा स्वतःच्या नावापुढे पाहणारी माणसे. ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ विचारून एकाने मला गप्प केले होते. बहुतेकांनी मुदतठेव केली, व्याजावर घर चालवायचे ठरवले. पण ती वर्षे व्याजदर घसरण्याची होती. दहा टक्क्यांच्या आसपासचे व्याज पाहता पाहता सहाच्याही खाली आले. सरकारला स्वस्त पैसा हवा होता, उद्योगांना स्वस्त कर्ज हवे होते, नव्या मध्यमवर्गाला घरकर्ज हवे होते. धोरण म्हणून त्यात गैर काही नव्हते. पण ठेवीचे नूतनीकरण करायला आलेला एक म्हातारा जॉबर पासबुक उलटसुलट करून म्हणाला, “साहेब, व्याज अर्ध्यावर आलं म्हन्ता. मंग आता मुद्दलच खा लागते का जी?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याने मुद्दल खाल्ले. आधी मुलीच्या लग्नात, मग मुलाच्या ऑटोरिक्षात, मग बायकोच्या आजारपणात. मुदतठेवीचे बचत खाते झाले आणि बचत खात्यात शेवटी किमान शिल्लकही राहिली नाही. धोरणाचा इतिहास अर्थसंकल्पाच्या भाषणात वाचायचा असतो, असे आपल्याला वाटते. तो पासबुकातही वाचता येतो, आणि तिथे टाळ्या नसतात.

राहिले निवृत्तिवेतन. संघटित क्षेत्रातल्या कामगारांसाठी नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली. २०१४ साली तिच्यातले किमान निवृत्तिवेतन दरमहा एक हजार रुपये ठरले. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी तो आकडा तिथेच राहिला. बुलढाण्यात या निवृत्तांनी दीर्घकाळ साखळी उपोषण केले, दिल्लीपर्यंत मोर्चे नेले. हजार रुपयांतून एक गॅस सिलिंडर वजा केला की काय उरते, हे घर चालवणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी काढणाऱ्या गावातल्या कामगाराची ही २०१४ ची प्रगती.

पोर्ट टॅलबॉट ते बाजारगाव

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. नागपुरात पहिली मोठी गिरणी काढणाऱ्या टाटांच्याच घराण्याच्या कंपनीने २००७ साली इंग्लंड-हॉलंडमधली कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, तेव्हा आपली छाती फुगली होती. चक्र पूर्ण फिरले असे आपण म्हणालो. त्यातला वेल्समधला पोर्ट टॅलबॉटचा कारखाना तोट्यात गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी विझली. विजेच्या नव्या भट्टीसाठी सव्वा अब्ज पौंडांची योजना झाली, त्यात इंग्रज सरकारचे ५० कोटी पौंड. जाणाऱ्या नोकऱ्यांचा जाहीर झालेला आकडा होता २८००. नव्या भट्टीत भंगार वितळवतात, प्रदूषण कमी होते, माणसेही कमी लागतात. याच परगण्यातल्या बहुसंख्य मतदारांनी २०१६ मध्ये युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला होता. आपल्या देशाची सूत्रे पुन्हा आपल्या हाती येतील असे त्यांना सांगण्यात आले होते. सूत्रे आली असतील. भट्टी मात्र विझली.

पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवार असूनही इंग्रज पार्लमेंट तातडीने बोलावण्यात आले आणि चिनी मालकीचा स्कन्थॉर्पचा पोलाद कारखाना बंद पडू नये म्हणून एका दिवसात कायदा करून त्याच्या कारभाराचे अधिकार सरकारने घेतले. एका कारखान्यासाठी शनिवारी पार्लमेंट आणि दुसऱ्या कारखान्याच्या कामगारांसाठी भरपाईचे पाकीट. डार्वेनच्या बायकांच्या नातवंडांना हे नवे नाही.

आणि आपण? १२ मे २०२० रोजी वीस लाख कोटींची ‘आत्मनिर्भर भारत’ योजना जाहीर झाली. त्याच दिवसांत हैदराबादकडून येणारे आणि जबलपूरकडे जाणारे मजुरांचे तांडे नागपूरच्या महामार्गावरून पायी चालले होते. नागपूरकरांनी त्यांना जेवण दिले, चपला दिल्या. गावाची माणुसकी उणी पडली नाही. पण स्वतःच्या पायांवर उभे राहणे म्हणजे काय, याचा तो अर्थ पाहायला लागू नये असेच कोणालाही वाटले असेल.

आज नागपूरचे नाव स्वावलंबनाच्या नव्या नकाशावर ठळक आहे, ते दारूगोळ्यासाठी. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना जुना. आता तेथेच यंत्र इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालय आहे. बाजारगावच्या सोलर उद्योगसमूहाने बनवलेले नागास्त्र हे देशी आत्मघाती ड्रोन २०२४ मध्ये लष्कराला मिळाले. याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण याच बाजारगावात १७ डिसेंबर २०२३ च्या सकाळी झालेल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांतल्या सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आणखी आठ. एक कारखाना खासगी, दुसरा सरकारी. मरणाने मालकी पाहिली नाही. सीमेवरचा जवान पडला की आपण त्याला हुतात्मा म्हणतो, गावात मिरवणूक निघते. त्या जवानाच्या हातातली दारू भरणारी बाई गेली की ती बातमीत ‘मृतांचा आकडा’ होते. तो १७ डिसेंबर, जाता जाता सांगतो, रविवार होता.

मग करायचे काय?

स्वावलंबन सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. ते सोडले तर पुन्हा सोने गहाण टाकण्याची वेळ येते, आणि मंदीचा पहिला तडाखाही कामगारालाच बसतो. प्रश्न हप्त्यांच्या वाटणीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले. कापड-कपड्यांचा निर्यात धंदा वाचावा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तिरुपूरच्या शिलाई कामगाराची नोकरी वाचवायची हे बरोबर. पण ऐन वेचणीच्या हंगामात स्वस्त कापूस आला, तर यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याने काय करायचे? ८११० रुपयांचा हमीभाव जाहीर असला तरी तो हातात पडायला सरकारी खरेदी केंद्र वेळेवर उघडावे लागते. एका कष्टकऱ्याचा हप्ता दुसऱ्या कष्टकऱ्याच्या खात्यातून वळता करणे याला धोरण म्हणायचे असेल, तर असे धोरण मँचेस्टरलाही जमत होते.

तसेच कामाच्या तासांचे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला जादा मोबदला आहे, हेही सांगितले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून सुरू होते. गुंतवणूक यावी, कारखाने वाढावेत, हा हेतू असेल. पण लहान कारखान्याचे दार ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी आतल्या माणसाला काय मिळणार, हे दार उघडतानाच ठरलेले असावे.

बँकेत कोणतेही मोठे कर्ज मंजूर करताना आम्ही तारण पाहायचो, जामीनदार पाहायचो, विमा पाहायचो. देशाच्या स्वावलंबनाच्या प्रत्येक योजनेला तेच लावावे, एवढीच मागणी आहे. उद्योगाला सवलत द्या, पण सवलतीच्या करारात किती नोकऱ्या, किती पगार आणि किती सुरक्षितता हे आकड्यांत लिहा. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस अपघातानंतर नको, अपघाताच्या आधी जावा आणि त्याचा अहवाल कामगारांना मराठीत वाचायला मिळावा. जुना धंदा जाणार हे दिसू लागले की त्यातल्या माणसांना नवे काम शिकवण्याची व्यवस्था भोंगा चालू असतानाच व्हावी. आणि ज्यांनी आयुष्यभर देशाचे कापड विणले, पोलाद ओतले, रस्ते बांधले, त्यांचे निवृत्तिवेतन महागाईला जोडून द्यावे. यांतली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. अपघाताची भरपाई १८९५ साली क्रांतिकारक होती, तरी नागपुरात दिली गेली.

या मागण्यांना पैसा कुठून आणायचा, असे लगेच विचारले जाईल. विचारावेच. मात्र तो प्रश्न सवलतींची यादी करतानाही तेवढ्याच कडकपणे विचारला जावा. सवलत दिली की तिला गुंतवणूक म्हणायचे आणि निवृत्तिवेतन दिले की त्याला बोजा म्हणायचे, ही हिशेबाची पद्धत कोणत्याही बँकेच्या तपासणीत टिकणार नाही.

देश स्वतःच्या पायांवर उभा आहे की नाही, हे निर्यातीच्या आकड्यांवरून कळते म्हणतात. माझी खूण लहान आहे. त्या देशात तीस वर्षे काम केलेला माणूस म्हातारपणी औषधाच्या दुकानात उभा असताना त्याला मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते का, तेवढे पाहावे.